डावीकडची किल्ली

दिलशादने कॅमेऱ्याचा रोल पुढे सरकवायचा खटका ओढला आणि डावीकडच्या छोट्या किल्लीवर नजर ठेवली. किल्ली फिरली. म्हणजे आत रोल नीट बसला होता.

"दादी, दर वेळी काय बघतेस तिथं?" जिक्राने विचारलं.

"सवय हाय."

नवरा खाजामियाँ गेल्यापासून कपाटात पडलेला हा कॅमेरा नातीने बाहेर काढला होता. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीतला त्यांचा स्टुडिओ इतकी वर्षं प्रवेशअर्जाच्या फोटोंवर चालला. आता शिकवण्यांचीच मुलं रोलवरचे फोटो मागत होती. धुऊन येईपर्यंत वाट बघण्यातच त्यांना गंमत वाटे. मग जिक्राने निगेटिव्हचे डबेही उघडले आणि मोबाईलवर सगळीकडे पाठवलं : जुन्या लग्नांतले तुमचे फोटो इथे आहेत, येऊन शोधा. ते वाचून दिलशादने मोबाईल उलटा ठेवला होता.

दाराशी चपला काढून एक वयस्क बाई आत आल्या. नाव सिंधू सांगितलं.

"रेणापूरचं लगीन, आप्पासाहेबांच्या पोरीचं. भूकंपाच्या आधीचा उन्हाळा. बायकांत तुम्हीच फोटो काढत होत्या, भाबी. माझ्या आदिनाथचा काढला होता. नवी टोपी होती त्याची."

"मुलगा तुमचा?" जिक्राने विचारलं.

"व्हय. भूकंपात गेला. घरात त्याचा एक बी फोटो न्हाई."

जिक्राने लगबगीने डबा शोधला. काचेखाली दिवा लावून एकेक पट्टी ती ठेवू लागली आणि मोबाईलवर चित्र सरळ करून दाखवू लागली.

दिलशाद चहा करायला आत गेली. तो मुलगा तिला आठवत नव्हता. लग्न आठवत होतं. रोल जेवणाआधीच संपला होता. पोरं मात्र भोवती गोळा झालेली, भांग पाडून, छाती काढून. खाजामियाँची शिकवण होती : माणूस नाराज करायचा न्हाई, रिकामा फ्लॅश द्यायचा. तिने हसत हसत एकेकाला उभं केलं होतं, मान सरळ करायला सांगितली होती. लख्ख उजेड पडला की पोरं खूश होऊन पळायची.

बाहेरून सिंधुबाईंचा आवाज येत होता.

"ही आमची दानम्मा. वाढायला उभी राहिली की लाडू आधी तिच्या पदरात जायचे."

जिक्रा हसली. दिलशादने धुतलेले कप पुन्हा धुतले.

डबा संपत आला तरी सिंधुबाई प्रत्येक पट्टीवर तितक्याच वाकत होत्या. शेवटची पट्टी उचलली गेली तेव्हा दिलशाद कपबश्या घेऊन उभी होती.

"तो रोल बिघडला असंल," ती म्हणाली.

"दादी, या लग्नाचे सगळे रोल तर इथंच…" जिक्राने मान वर केली, आजीचा चेहरा पाहिला आणि पट्ट्या गोळा करू लागली.

"असंल," सिंधुबाई म्हणाल्या. बशीतला चहा त्यांनी सावकाश संपवला. "लई विचारायचा. आई, माझा फोटू कधी येनार? पत्र्याच्या पेटीत त्यासाठी जागा करून ठेवली होती. गणपती बुडवायच्या दिवशी बी विचारलं, अन् त्याच राती भूकंप झाला."

गल्लीतून शिकवणी सुटलेल्या मुलांचा लोंढा गेला.

"आजी, तुमचा काढू या का एक?" शेवटी जिक्रा म्हणाली. "दादी काढेल."

सिंधुबाई पडद्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. पदर सारखा केला. मान सरळ करा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ती केली. दिलशादने कॅमेरा डोळ्याला लावला. तो नीट धरायला तिला कोपर भिंतीला टेकवावं लागलं.

फ्लॅश उडाला.

सिंधुबाई उठल्या नाहीत.

"भाबी, या टायमाला रोल हाय ना आत?"

आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ टाकलं ना, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

दिलशादने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. ती त्यांच्यासमोर खाली बसली, मान वर न करता तिने त्यांचं बोट धरून डावीकडच्या किल्लीवर ठेवलं आणि खटका हळूहळू ओढला.

किल्ली फिरली. फिरून थांबली. सिंधुबाईंनी बोट काढलं नाही.