तिसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. वीतभर लांब, प्लास्टिकमध्ये बंद केलेला, डाव्या कोपऱ्यात अंगठ्याने घासून पांढरा पडलेला. माझ्यावर फक्त तीन ओळी आहेत. नेब्रास्कातल्या ओसाज बेंड हायस्कूलचं सगळं फुटबॉलचं शहाणपण त्या तीन ओळींत मावतं, असं मला वाटायचं. एखाद्या दिवशी अजूनही वाटतं.

आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. नऊ सरकतात कसेबसे. अडतं ते शेवटच्या एका यार्डावर, म्हणजे जेमतेम तीन फुटांवर. तेवढ्यासाठी कोणती चाल खेळायची, हे ठरवायला कोच लॅड व्रबका मला खिशातून काढत.

माझा जन्म त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, जर्दाळू भरलेल्या कोलाचे पावांच्या ताटाशेजारी. अक्षर त्यांच्या बायकोचं, मार्लीनबाईंचं. कोचचं अक्षर कोचनाही वाचता येत नसे. पहिली ओळ अशी: आडदांड गड्याच्या हाती चेंडू द्या आणि मधून घुसवा. दुसरी: चेंडू घेणाऱ्याने स्वतःच डोकं खाली घालावं, मागच्यांनी ढकलावं.

"आणि तिसरी माझी," मार्लीनबाई म्हणाल्या. "सगळे मधे गर्दी करतील तेव्हा कडेचा उंच पोरगा त्यांच्या पाठीमागे सटकेल. चेंडू त्याच्याकडे फेकायचा. तिथे कुणी नसेल."

"आपल्या पोरांना जमायचं नाही हे."

"शिकवलंस तर जमेल. आधी सगळ्यांना खात्री पटू दे की हा माणूस कधी बदलणार नाही. मग काढ."

खात्री तर गावाला केव्हाच पटली होती. धान्याच्या कोठारापाशी कॉफी पीत बसणारे म्हातारे म्हणत, "लॅडला दार दाखवा, तो भिंतीच्या मधूनच जाईल."

चाल सांगताना कोच मला तोंडासमोर धरत, पलीकडच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. पलीकडच्यांना ओठ वाचायची गरज काय पडली होती, हे मला कधी कळलं नाही. पण त्यामुळे त्यांचा शब्द सगळ्यांत आधी मी ऐकला. कॉफीचा आणि सूर्यफुलाच्या बियांचा वास असलेला तो ऊन श्वास हेच माझं आयुष्य होतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मार्लीनबाई माझ्या पाठीवर तिन्ही ओळींचे आकडे घालून त्यांच्यापुढे लाल पेनाने खुणा करत. यार्ड मिळाला तर उभी रेघ, नाही मिळाला तर आडवी. अकरा हंगामांत पहिल्या ओळीपुढे एकशे बारा रेघा झाल्या, दुसरीपुढे एकतीस. तिसरीपुढे एकही नाही.

"तिसरी?" त्या विचारत.

"पुढच्या वेळी," कोच म्हणत आणि दुसरा कोलाचे उचलत.

मग एका मार्चमध्ये मार्लीनबाई गेल्या. त्या हंगामात माझ्या पाठीवर एकही रेघ उमटली नाही.

पोरं कमी झाली म्हणून पुढच्या वर्षी आमची टीम शेजारच्या गावच्या टीममध्ये मिसळणार होती. त्याच हंगामात, नोव्हेंबरातल्या बाद फेरीच्या सामन्यात जिंकलो तर आणखी एक शुक्रवार, हरलो तर ओसाज बेंडचं फुटबॉल संपलं. आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटचे काही सेकंद, चौथा प्रयत्न, आणि ओलांडली की सहा गुण देणारी शेवटची रेषा एका यार्डावर.

"मधून घाल, लॅड. सेडलाकच्या अंगात अजून दम आहे," मदतनीस गस म्हणाला. सेडलाक म्हणजे आमचा आडदांड गडी.

"येतोय रे, मधूनच येतोय," समोरची पोरं एकमेकांना सांगत होती.

कोचनी मला तोंडासमोर धरलं. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आता पुढची वेळ नाहीच ना गं, मार्ली." आणि मोठ्याने, "तिसरी."

"तिसरी कोणती?" गसने विचारलं.

कोचनी उंच वेस ट्रुक्साला बोलावून माझ्या पाठीवर बोटाने वाट काढून दाखवली.

"कोच, हे आपण कधी केलंच नाहीये."

"माहीत आहे. जा."

समोरचे अकराच्या अकरा जण सेडलाकवर तुटून पडले. वेस त्यांच्या पाठीमागे एकटा उभा होता, मार्लीनबाईंनी लिहिलं होतं अगदी तसा. चेंडू त्याच्या हातात आला, आणि हातातून गवतावर पडला.

पोरगा गुडघ्यांवर बसून रडू लागला. कोच त्याच्याजवळ गेले. "चूक तुझी नाही, बाळा. अकरा वर्षं होती माझ्याकडे शिकवायला."

मग सामना संपलेला असूनही त्यांनी मला तोंडासमोर धरलं. "मोकळा होता गं," ते म्हणाले. "अगदी मोकळा."

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात असतो. काच रोज पुसली जाते, धूळ नाही, तक्रारीला जागा नाही. फक्त माझ्याशी कुणी बोलत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा हे तर खरंच. पण काचेत ठेवून जपू नका. घासू द्या, मळू द्या. आणि कुणी तुमच्यासाठी मनापासून एखादी ओळ लिहून दिली असेल, तर ते माणूस समोर बसलेलं असतानाच ती वापरून बघा.

कपाटात ठेवायच्या आदल्या शनिवारी कोचनी लाल पेन शोधून काढलं होतं. माझ्या पाठीवर, तिसरीपुढे, आता एक रेघ आहे. ती धड उभी नाही, धड आडवीही नाही.