सगळ्या बायका ठीक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. नवजात बाळांना ज्याच्या पत्र्याच्या ताटलीत निजवतात, तो. पांडेसरा या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या एका प्रसूतिगृहात मी नवा आलो, तेव्हा परिचारिका मला मऊ फडक्याने पुसत, माझं कौतुक करत. पुढे फडकं गेलं, कौतुकही गेलं. एका बाळाची ओल तशीच वाळलेली असताना दुसरं बाळ माझ्यावर ठेवू लागल्या. त्या वासाची मला शिसारी येई. पण खरी किळस आली ती एका माणसाची.

आमच्याकडे कापडाच्या मिलांत राबणाऱ्या खानदेशी बायका येत. त्यांची बाळं फार वेळा सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मत. आमचे मोठे डॉक्टरसाहेब म्हणत, "ये लोग ऐसे ही हैं." आणि चहा मागवत.

गेल्या वर्षी सुषमा नावाची शिरपूरची परिचारिका संशोधनासाठी आली. वस्तीतल्या बायकांचीच बाळं इतकी लवकर का जन्मतात, गरोदरपणी त्यांच्या मनावर काय भार असतो, हे तिला शोधायचं होतं. तिने जुने कागद काढले. 'मनःस्थिती' या रकान्यात प्रत्येकीपुढे एकाच हस्ताक्षरात लिहिलं होतं : ठीक.

"यांना विचारलं कोणी?" तिने साहेबांना विचारलं.

"इसमें पूछना क्या? रोना कोई बीमारी है?" साहेब हसले. ते हसू बघून माझा काटा शहारला.

त्या कागदांत योगिताचंही नाव होतं. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं, माझ्यावर जेमतेम किलोभर भरलं आणि चौथ्या दिवशी गेलं. तिच्यापुढेही 'ठीक'च! आता तिला पुन्हा पाचवा महिना होता. दिवसभर उभी राहून ती साड्यांच्या घड्या घाली.

सुषमाने तिला जवळ बसवून अहिराणीत विचारलं, "झोप लागस का तुले?"

योगिताने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "नही ताई. डोया मिटात का तेच बाळ दिसस. सासू म्हनस, तूच खाई गयी त्याले."

सुषमाने सासूला, मालतीबाईंना बोलावलं. रागावली नाही. फक्त विचारलं, "मावशी, तुमनं बी एखादं बाळ गये का?"

मालतीबाई चपापल्या. त्यांची दोन गेली होती. तीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या तोंडाला पदर लावून रडल्या. मग सुनेला मनाच्या डॉक्टरांकडे त्याच नेऊ लागल्या. मिलचं उभ्याचं काम त्यांनीच सोडायला लावलं.

बाळ नवव्या महिन्यात आलं. अडीच किलो! हे नुसत्या विचारण्याने झालं, असं मी म्हणत नाही. सुषमाही म्हणाली नाही. पण मालतीबाईंनी माझ्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खाटेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू कशी शे, बेटा?"

सुषमाचा अहवाल छापून आला, तेव्हा त्यावर पहिलं नाव साहेबांचं होतं. सत्काराची शाल पांघरून ते फोटोसाठी माझ्याशेजारी उभे राहिले, माझ्यावर कोपर टेकून. शी!

मित्रांनो, मला गंज चढला आहे. उद्या भंगारात टाकलंत तरी तक्रार नाही. पण एखाद्या आईला विचारल्याशिवाय तिच्या नावापुढे काही लिहू नका. आणि विचारलंत, तर तिचं बोलणं संपेपर्यंत उठू नका.