फळीचं दुसरं टोक

"तुम्ही चढा, साडूभाऊ. मी नाही येत."

सुताराला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तो फळीवर चढून उभाही राहिला होता. कमरेला हातोडी, खिशात खिळे, कानामागे पेन्सिल. फळी अजून जमिनीपासून गुडघाभरच वर होती. दुसऱ्या टोकाशी त्याचा साडू खांबाला हात लावून नुसता उभा होता. बस चुकलेला माणूस थांब्यावर उभा राहावा, तसा.

"बरं नाही का?"

"बरा आहे."

"मग चढ की. ऊन यायच्या आत वरचा पट्टा उरकून टाकू."

साडूनं एक पाय उचलून फळीवर ठेवला आणि परत खाली घेतला. तेवढ्यानंच त्याच्या कपाळावर घाम आला.

त्यांची परांची साधी होती. भिंतीला आवळलेले दोन उंच लाकडी खांब, प्रत्येक खांबावर चढणारा एक लोखंडी सांगाडा आणि दोन्ही सांगाड्यांवर मिळून एक लांब फळी. सांगाड्यांना ते दोघे घोडे म्हणत. पायाखालचं पेडल दाबलं की घोडा चार बोटं वर सरके आणि त्याचा दात खांबाला घट्ट धरे. उतरताना हँडल फिरवायचं. पाहिजे त्या उंचीवर फळी थांबवता येई. फक्त दोन्ही टोकांची माणसं एकदम चालली पाहिजेत. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, की फळी कलते. वीस-बावीस वर्षं हे दोघे दोन टोकांना उभे राहून इमारतींच्या बाहेरच्या लाकडी भिंती दुरुस्त करत आले होते. मोजायची, ओरडायची गरज कधीच पडली नव्हती. सुतार खाकरला की साडूचा पाय पेडलवर पडे. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या म्हणायच्या, "आमच्याशी निम्मं तरी असं जुळवून घ्या."

महिन्यापूर्वी साडूच्या घोड्याचा दात सटकला होता. त्याचं टोक हातभर खाली आलं आणि थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सुतारानं दात कानस मारून नीट केला, संध्याकाळी त्यावरून दोघे हसलेही होते. पण तेव्हापासून साडू झोपत नव्हता.

"डोळा लागला की फळी जाते पायाखालून," साडू म्हणाला. "आमच्या हिनं शपथ घातलीय. मला दाराच्या चौकटी करायच्या कारखान्यात काम मिळतंय, जमिनीवर. मी हो म्हणून आलोय."

"आणि हे काम? ही अख्खी बाजू उघडी पडलीय. मालकीणबाईंना शब्द दिलाय आपण."

"तुम्ही दुसरा कुणीतरी बघा."

सुताराचं डोकं फिरलं. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यात. पण जीभ कुणाचं ऐकते?

"म्हणजे इतकी वर्षं मी एका भेकडाच्या भरवशावर वर उभा होतो म्हणायचं."

साडूनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खांबाशी ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि तो फाटकातून निघून गेला.

दुसरा कुणी मिळेना. एक गडी आला, घोडे पाहून हसला आणि म्हणाला, "काका, हे संग्रहालयात द्या." दुसऱ्याला विजेवर चालणारा पाळणा हवा होता. तिसरा चढला, पण त्याचा पाय भलतीकडेच धावे. दोन तासांत सुतारानं त्याला हात जोडले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला नवा जोडीदार शोधणं किती लाजिरवाणं असतं, हे त्याला त्या आठवड्यात कळलं.

घरी तो जेवताना बोलेनासा झाला. बायको शिलाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. मशीन न थांबवताच तिनं विचारलं, "दुसऱ्या टोकाला नेमकं करायचं काय असतं?"

"पायानं दाबायचं. उतरताना हँडल."

"मग मी जन्मभर दुसरं काय केलंय?" तिनं पायाखालच्या पायट्याकडे बोट दाखवलं.

कित्येक दिवसांनी तो हसला. पण ती हसत नव्हती.

"अगं, वेड लागलंय का? तिसऱ्या मजल्याएवढं उंच आहे ते. पडलीस म्हणजे?"

"तुम्ही पडलात तर मी खाली राहून काय मोठं साधणार आहे?" तिनं दोरा दातानं तोडला. "आठ-दहा दिवसांचं काम आहे म्हणता ना? उरकून टाकू. पुढचं पुढे बघू."

तिनं त्याची जुनी पँट चढवली, कमरेला नाडी आवळली आणि आरशात न बघताच निघाली. पहिल्या दिवशी गुडघाभर उंचीवरच त्यांनी अर्धा दिवस घालवला. वर, खाली, वर, खाली. तिच्या कमरेचा दोर त्यानं स्वतः बांधला, तीन वेळा ओढून पाहिला. मालकीणबाई खुर्ची टाकून अंगणात बसल्या आणि मध्येच म्हणाल्या, "मला बघवतही नाही आणि उठवतही नाही."

पण तिला ते जमलं. पाय सरावलेलाच होता. लय धरायला तिला तासभरसुद्धा लागला नाही. चौथ्या दिवशी फळी झाडांच्या शेंड्यांच्या वर गेली. ती खांब घट्ट धरून उभी होती, तरी मान मात्र वळवून वळवून बघत होती. खाली छपरंच छपरं, त्यांच्यापलीकडे पाण्याची एक चकचकीत पट्टी, जी तिनं त्या गावात सारा संसार करून कधी पाहिली नव्हती.

"हे तुम्ही रोज बघायचात?"

"हं."

"आणि घरी आल्यावर मी विचारायची, आज काय झालं, तर म्हणायचात, काही विशेष नाही."

त्यानं फळीवरून तिच्याकडे पाहिलं. वाऱ्यानं तिचे पांढरे केस सुटले होते आणि पँट फुग्यासारखी भरली होती. ही बाई आपल्याला थोडी आधी भेटायला हवी होती, असं काहीतरी विचित्र त्याच्या मनात येऊन गेलं.

आठव्या दिवशी छपराखालच्या शेवटच्या फळ्या राहिल्या होत्या. ती बाजू आंधळी होती, एकही खिडकी नव्हती. दुपारी फळी आणखी थोडी वर घ्यायची म्हणून तो खाकरला. त्यानं पेडल दाबलं, तिनंही दाबलं, आणि तिच्या तोंडून बारीक आवाज आला. फळी तिच्याकडे कलली.

"गुडघा," ती म्हणाली. "गुडघ्यात काहीतरी तुटलं."

तिचा पाय पेडलवरून सुटला होता. पेडल अर्ध्यात अडकलं होतं. घोड्याचा दात खांबावर जेमतेम टेकलेला सुताराला आपल्या टोकावरूनही दिसला. ती एका पायावर, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून उभी होती. कमरेला दोर होता; पण तो घोड्यालाच बांधलेला, घोडाच सटकला तर दोर काय कामाचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो तिच्याकडे एक पाऊल सरकला. फळी करकरली, दात कणभर घसरला.

"येऊ नका!" ती किंचाळली.

तो मागे गेला. आपल्या टोकाला पाठ खांबाला टेकवून उभा राहिला. बायको हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर होती आणि तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. आयुष्यात इतकं निरुपयोगी त्याला कधी वाटलं नव्हतं.

खालून मालकीणबाई ओरडल्या, "कुणाला बोलावू? अग्निशमनवाल्यांना?"

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याला बोलवा!" ती वरून म्हणाली. "घोडा तोच ओळखतो."

"त्याला नको," सुतार म्हणाला.

तिनं खांबावरचा गाल न उचलता विचारलं, "मला इथं टांगून ठेवून तुम्ही तुमचा मान सांभाळणार आहात का?"

साडू कारखान्याच्या टेंपोतून आला, केसांत भुसा तसाच. बरोबर लांब शिडी आणली होती. त्यानं वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मग शिडी तिच्या खांबाशी लावून तो चढू लागला. डोळे समोरच्या पायरीवर, तोंड उघडं. मध्यावर तो थांबला. शिडी त्याच्या थरथरीनं भिंतीवर टकटकत होती. सुतारानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं; कोणत्या तोंडानं हाक मारायची?

साडू पुन्हा चढू लागला. घोड्याशी पोचल्यावर त्यानं एका हातानं शिडी धरली, दुसऱ्या हातानं हातोडीचे दोन ठोके दिले. दात बसला. फळी हिसका खाऊन सरळ झाली. मग तो फळीवर उतरला, आपल्या जुन्या जागी. मेहुणीला त्यानं एका हातानं छातीशी धरलं आणि दुसरा हात हँडलवर ठेवला.

"चला, साडूभाऊ."

दोन्ही हँडलं फिरू लागली. फळी एका रेषेत खाली आली, कुठंही कलली नाही. सुताराला रडू आलं ते तेव्हा, सगळं नीट होत असताना.

जमिनीवर पोचताच साडूनं मेहुणीला मालकीणबाईंच्या खुर्चीत बसवलं, कुंपणापाशी गेला आणि वाकून ओकला. सुतार मागोमाग गेला. "अरे, ऐक…" साडूनं त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. मग तोंड पुसून टेंपोत जाऊन बसला.

तिच्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला होता. डॉक्टरांनी पाय बांधला आणि सांगितलं की काठीनं चालाल, पण मशीन विसरा. तीन-चार दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. सुताराला पलीकडचं सगळं ऐकू आलं, इतक्या मोठ्यानं ती बोलत होती.

"ताई, तू जगलीस, देवाची कृपा. पण हे रात्ररात्र भिंतीला पाठ लावून बसताहेत. झोप आत्ता कुठे लागायला लागली होती त्यांना. माझा माणूस तुम्ही दोघांनी मिळून संपवलात. आता काही दिवस आमच्याकडे फोन करू नका."

"किती दिवस गं?" बायकोनं विचारलं. पण फोन ठेवला गेला होता.

उरलेल्या फळ्या लावायला सुतार एका ओळखीच्या गड्याला घेऊन गेला. घोडे तपासले, दात तपासले, फळी गुडघाभर उंचीवर आणली. तिच्यावर चढला आणि तिथंच थबकला. त्यानं खांब धरला. डोळे मिटले तर बायकोचा गाल खांबाला टेकलेला दिसला. उघडले तर जमीन फार लांब वाटली, जिच्यावर तो हात टेकवू शकला असता. गडी म्हणाला, "काय झालं, काका?"

"काही विशेष नाही," सुतार म्हणाला आणि उतरला. मालकीणबाईंना त्यानं दुसरी माणसं बघायला सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, आणि पाठीवर हात ठेवावा की नाही अशा घोटाळ्यात उभ्या राहिल्या.

तिथून तो सरळ कारखान्यात गेला. साडू चौकटीला रंधा मारत होता. बारीक झाला होता.

"तू म्हणाला होतास ना, फळी जाते पायाखालून," सुतार म्हणाला. "मला आता कळलं ते. त्या दिवशी मी जे बोललो…"

रंधा थांबला नाही. लाकडाची एक लांब साल निघाली, खाली पडली.

"इतकी वर्षं मीही तुमच्या भरवशावरच उभा होतो," साडू हळूच म्हणाला. "तुम्हाला कधी ताप असायचा, कधी हात दुखायचा. मी दोन्हीकडचं बघून घ्यायचो. कधी बोललो?"

"नाही."

"मग झालं."

सुतार बराच वेळ उभा राहिला. साडूनं दुसरी चौकट घेतली, तिसरी घेतली. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

सुताराला पुढे एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाच्या पट्ट्या कापून द्यायचं. घोडे त्यानं वखारीच्या मागे नेऊन टाकले. तिथं गवत वाढलं.

थंडी पडली तेव्हा बायको म्हणाली, माळ्यावरची जाड पांघरुणं काढून द्या. त्यानं स्टूल लावलं. एक पाय वर ठेवला. भिंतीला हात लावून तो तसाच उभा राहिला, मग पाय खाली घेतला.

"उद्या काढतो. आज कंबर धरलीय."

"चालेल. घाई कुठाय?"

दुसऱ्या दिवशीही कंबर धरली. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

आठवड्याभरानं तो वखारीतून घरी आला. पलंगावर जाड पांघरुणं घडी करून ठेवली होती. दारातून शेजारीण ओढणीनं धूळ झटकत बाहेर पडत होती. त्याला पाहून हसली आणि पटकन गेली. तो आत गेला. स्वयंपाकघरात वरच्या दोन्ही फळ्या रिकाम्या होत्या. डबे, मोठी पातेली, कात्र्यांची पेटी, जुने फोटो, सगळं खाली आलं होतं, ओट्यावर, कपाटाच्या तळाशी, भिंतीकडेला जमिनीवर ओळीनं मांडलेलं. घरातली एकही वस्तू त्याच्या खांद्यापेक्षा उंच राहिली नव्हती.

बायको काठी मांडीवर आडवी घेऊन खुर्चीत बसली होती.

"मला वाकायला सोपं पडतं म्हणून," ती म्हणाली.

तिचा पाय वाकत नव्हता. त्यानं मान हलवली, चपला काढल्या आणि जमिनीवरच्या डब्यातला चहा काढायला खाली बसला.