कार्डाची मागची बाजू

तिने कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूवर ‘अनुदान’ हा शब्द लिहिला. पुढच्या बाजूवर ‘अनुताप’ कधीच बसला होता. अर्थ लिहायला अडचण नव्हती: एखाद्या कामासाठी दिलेली, परत न मागायची आर्थिक मदत. घोडं अडलं होतं ते वाक्यापाशी. ती जिथे नोकरी करत होती त्या शब्दकोश कार्यालयाचा नियमच होता, की वाक्य मनाने रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. तळाशी बोलणाऱ्याचा व्यवसायही लिहायचा.

“आपलंच घालू या ना, सर,” ती संपादकांना म्हणाली. “दिवसातून दहा वेळा म्हणतो आपण. अनुदान आलं नाही, अनुदान येणार नाही.”

“कार्यालयातली वाक्यं चालत नाहीत,” संपादक म्हणाले. “आणि लोकांनी कोश उघडला की आपलं रडगाणं ऐकायचं, हे काही बरं नाही.”

अनुदान खरंच थांबलं होतं. महिनाअखेर कार्यालयाला कुलूप लागणार होतं. तोवर होतील तेवढे शब्द उरकायचे, आणि नवी कार्डं घेणं परवडत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी लिहायचं, असं पंधरा दिवसांपूर्वी ठरलं होतं. नोकरी जाण्याची तिला तेवढी धास्ती नव्हती. आज ना उद्या दुसरी मिळाली असती. वडिलांना सांगायचं कसं, हे मात्र तिला सुचत नव्हतं.

वडील जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवण्यात त्यांची हयात गेली. मग छापखान्यात संगणक आले आणि ते घरी बसले. तेव्हापासून दर पहिल्या तारखेला ती त्यांच्या उशाशी पाकीट ठेवत आली होती. मुलीकडून पैसे घ्यायचे म्हणजे माणूस अवघडणारच. त्यांनी ते थट्टेवारी नेलं होतं. “आमचं अनुदान मंजूर झालं वाटतं,” असं म्हणायचे आणि वर्तमानपत्राआड तोंड लपवायचे. कार्डासाठी हे वाक्य तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण मग व्यवसायाच्या जागी ‘काही नाही’ असं लिहावं लागलं असतं, आणि ते तिच्या हातून होईना.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी उरलेली कार्डं घेऊन घरी आली. वडील टेबलाशी बसले होते. बोटांना लाल शाई लागली होती. हल्ली दुपारभर ते बागेत जाऊन बसायचे. शब्दकोडी सोडवत असतील, असं ती धरून चालली होती.

“बाबा, जरा बोलायचंय.”

“आधी माझं ऐक,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून आमचं अनुदान बंद करा. संस्था आता स्वतःच्या पायावर उभी आहे.”

तिला वाटलं, नेहमीची चेष्टा. तर त्यांनी पिशवीतून छापलेल्या कागदांचा जुडगा काढला. समासात जागोजागी लाल खुणा होत्या.

“कोपऱ्यावरच्या छापखान्यात लागलोय. दहा दिवस झाले. पोरं यंत्र झकास चालवतात, पण चूक समोर येऊन बसली तरी दिसत नाही त्यांना.”

“पण आत्ताच नोकरी कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं माझ्या ऑफिसचं?”

“सांगायला कशाला हवं? छापायचा मजकूर एकाच बाजूला लिहायचा, हे तुला मीच शिकवलं, तू शाळेत असताना. बारा-तेरा दिवसांमागे बघतो तर तुझी कार्डं दोन्हीकडून भरलेली. म्हटलं, आमची बाई उगाच नियम मोडायची नाही. तिथला कागद संपलेला दिसतोय, म्हणजे पैसाही.”

म्हणजे पंधरा दिवस जपलेली झाकली मूठ रोज याच टेबलावर उघडी पडत होती. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

“मी सांगणारच होते, बाबा.”

“ठाऊक आहे.”

तिचे डोळे भरून आले. हात मात्र सवयीने ‘अनुदान’च्या कार्डाकडे गेला. वडिलांचं मघाचं वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं, आणि तळाशी येऊन थांबली.

“व्यवसाय काय लिहू?”

ते जरा ताठ बसले. चष्मा नीट केला.

“मुद्रितशोधक.”

मग पिशवीत पुन्हा हात घालून त्यांनी कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. छापखान्यात कापून उरलेले जाड कागदाचे तुकडे होते, तिच्या कार्डाच्याच मापाचे.

“यावर उतरव,” ते म्हणाले. “एकाच बाजूला.”