ओकचं रोप आणि झाडलेलं अंगण

जागा घ्या.

बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये जिंकणाऱ्याला पदकासोबत ओकचं रोप द्यायचे, कुंडीसकट. मी शंभर मीटर जिंकलो, मग दोनशेही. एक रोप बोटीवरच वाळलं. उरलेलं आता अमेरिकेत, जॉर्जियात, आमच्या अंगणात, आईच्या पायाशी आहे. आई झाडू घेऊन उभी आहे.

(आमच्याकडे अंगणात गवताची काडी ठेवत नाहीत. साप आला तर दिसला पाहिजे. आई रोज झाडते. उगवेल ते उपटते.)

"कुठं लावतोस म्हणे?"

"इथंच. दारासमोर."

"दिलं कुणी?"

"जर्मनांनी."

"त्यांनाच ना रे आपण माणसं वाटत नाही?"

"हो."

"मग दिलं कशाला?"

माहीत नाही. खरंच नाही. अख्खं स्टेडियम माझं नाव ओरडत होतं. चुकीचं उच्चारत होतं, पण माझंच. तिथं मी गोऱ्यांच्या टेबलावर जेवलो. इथं स्टेशनवरून येताना बसवाल्यानं मला ओळखलं, "शाब्बास, पोरा" म्हणाला, आणि मागे, काळ्यांच्या बाकावर पाठवलं. कुंडी मांडीवर. मग वैरी कोण? मी विचारतो आणि उत्तर पळत सुटतं. माझ्याहून जोरात.

तयार.

शेजारचे पर्व्हिसकाका कुंपणावर रेलले.

"अगं लुव्हीनिया, लावू दे की! माझ्या कोंबड्यांना सावली होईल."

"आधी तुमच्या कोंबड्या माझ्या अंगणातनं हाकला, पर्व्हिसभाऊ."

"पोरगा जग जिंकून आलाय. झाडच लावू दे म्हणतोय ना, मोटार तर नाही मागत!"

आई हसली नाही. "लॉन्झो, वाढून केवढं होतं रे हे?"

"घराएवढं. जास्तच."

"आणि आडवी फांदी किती उंचीवर फुटते?"

काकांनी हॅट काढली.

नदीकाठी एक जुना ओक आहे. आम्ही त्याला वळसा घालून जातो. गोऱ्यांनी लटकवलेल्या माझ्या मामाला त्यावरून खाली घेतलं, तेव्हा शिडी काकांनी धरली होती.

हे मला बर्लिनमध्ये आठवलं कसं नाही? की आठवलं होतं, आणि तरी मी कुंडी घट्ट धरली?

बॅगेतलं खुरपं काढलं. शर्यतीआधी पाय रोवायला प्रत्येक धावपटू त्यानं आपले खड्डे खणतो. खणू लागलो.

"दोन कशाला?" आईनं विचारलं.

पाहिलं. एक पुढं, एक मागं. पायांच्या मापाचे. रोप बसेल इतका खोल एकही नाही.

"हा झाड लावतोय का पळून जातोय?" काका म्हणाले.

गोळी.

(शर्यत सुरू करणारी ती गोळी मला ऐकू आली नाही.)

आईनं झाडू टाकला, माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि मागचा खड्डा खोल केला. रोप त्यात बसवलं. माती दाबली, कुणाला तरी झोपवावं तशी.

"मी आहे तोवर एक आडवी फांदी फुटू देणार नाही. नुसतं वर जाऊ दे. माझ्यामागं तू छाटायचं."

"आई, मला तर शिकागोला..."

"छाटायचं."

मग खुरपं परत देत म्हणाली, "तो दुसरा बुजव."

शर्यत संपली की आपले खड्डे आपणच बुजवायचे, ही आमची रीतच. मी गुडघ्यांवर बसलो. माती हातात घेतली.

शर्यत झाली होती का, तेच आठवेना.