अठरा मिनिटं

"हा मुलगा कुठाय?" व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हा काय, समोर उभाय," मिनिटराव म्हणाले.

"हा नाही. फोटोतला."

फोटोत सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला एक आनंदी प्राणी होता. खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकून साडेअकरा वर्षांचा एक कंटाळलेला इसम उभा होता. दोघांत साम्य म्हणाल तर कानांचं.

"पासपोर्टची मुदत संपलीय. सहा महिने झाले. मुलीच्याही," बाई म्हणाल्या. "मोठ्यांचा दहा वर्षं चालतो. मुलांचा पाचच. मुलं बदलतात ना हो!"

मिनिटरावांनी मान डोलावली. ही माहिती त्यांना नवीन होती.

ते शहराच्या बस आगारात वेळापत्रकं बनवत. बावीस वर्षं. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येणार, हे ते ठरवत. ती खरोखर केव्हा येणार, हा बसचा खाजगी प्रश्न होता. दोन फेऱ्यांच्या मधे चालकाला पाय मोकळे करायला जी रिकामी मिनिटं मिळत, ती दिसली की ते अस्वस्थ होत आणि त्यांत काहीतरी कोंबत. मिनिटराव हे नाव चालकांनीच ठेवलं होतं. प्रेमानं ठेवलं होतं असं कोणी म्हणत नसे.

युरोपची सहल त्यांनी साडेपाच वर्षांपूर्वी आखायला घेतली. पहिल्याच आठवड्यात चौघांचे पासपोर्ट काढून फाइलच्या तळाशी ठेवले आणि मग कामाला लागले. पहिल्या वर्षी एका संग्रहालयाचा निम्मा भाग दुरुस्तीसाठी बंद निघाला. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी गाडी बदलायला सहाच मिनिटं मिळत होती. तिसऱ्या वर्षी सगळं जुळलं, पण त्यामुळेच मिनिटरावांना शंका आली, आणि त्यांनी आखणी पुन्हा तपासायला घेतली. आता अकरावी सुधारित प्रत चालू होती. नवव्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपण कुठल्या फलाटावर असू, हे घरात कोणीही सांगू शकलं असतं. घरातून कोणी निघालं मात्र नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघत होते. बस चार मिनिटं उशिरा धावत होती. एरवी त्यांनी वाहकाला गाठलं असतं.

"अहो, मूठ आवळा," बायको म्हणाली. ती तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायची. टोचणारी गोष्ट असली की घरातही हीच सूचना देई.

"आवळली."

"नवे पासपोर्ट बारा दिवस. व्हिसा पंधरा. मग ताईचं कॉलेज सुरू व्हायला उरतात सहा दिवस."

"मग पुढच्या वर्षीच जाऊ. तोवर मी जरा..."

"पुढच्या वर्षी ती हॉस्टेलवर. तिच्या सुट्ट्या वेगळ्या, ह्याच्या वेगळ्या. चौघांनी जायचं तर आत्ताच. नाहीतर फाइलच घेऊन बसा."

"पंधरा दिवसांची सहल सहा दिवसांत बसत नाही गं."

"बसवू नका. काढा त्यातलं."

घरी आल्यावर त्यांनी अर्थातच बसवायला घेतली. टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत तासभर फेऱ्या झाल्या. संध्याकाळपर्यंत एका दिवसात तीन शहरं आणि सात मिनिटांचं जेवण मावलं.

छोट्यानं कागद वाचला. "बाबा, शू कधी करायची?"

"गाडीत."

"आणि आली नाही तर?"

"द्या इकडे," ताई म्हणाली, आणि बापाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. पंधरा वर्षांच्या मुलींना खोडायला फार विचार करावा लागत नाही. दोन किल्ले गेले. एक राजवाडा गेला. नवव्या दिवसाचा तो सुप्रसिद्ध फलाटही गेला. मिनिटराव प्रत्येक रेघेला खुर्चीत जरासे उठत आणि पुन्हा बसत.

"हे डायनोसॉरचे सांगाडे कोणासाठी?"

"छोट्यासाठी," मिनिटराव म्हणाले.

"माझ्यासाठी?" छोट्या म्हणाला.

"रडला होतास त्यांच्यासाठी. हट्ट धरून बसला होतास."

"असेन."

तेही गेले.

"आता हे." ताई मोठ्यानं वाचू लागली. "घड्याळाचा चौक. तासाच्या ठोक्याला बाहुल्या बाहेर येतात. गर्दी फार. बाबांच्या खांद्यावर छोट्या. वीस मिनिटं."

सगळ्यांनी छोट्याकडे पाहिलं. अकरा वेळा सुधारणा झाली होती. ही ओळ मात्र पहिल्या प्रतीपासून प्रत्येक वेळी जशीच्या तशी उतरवली गेली होती.

छोट्या उठला आणि बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याचं डोकं त्यांच्या कानापर्यंत आलं.

"मला खालूनच दिसेल," तो म्हणाला. मग बापाचा चेहरा बघून जरा मऊ आवाजात म्हणाला, "दिसेल ना, बाबा?"

"दिसेल की."

ताईनं पूर्ण ओळ खोडली नाही. खांद्यापुरतीच खोडली. "पण बाहुल्या तर दोन मिनिटांत आत जातात. तुम्हीच सांगितलंय शंभर वेळा. मग वीस कशाला धरलीत?"

"चढवायला, उतरवायला," मिनिटराव म्हणाले. "आणि तो लगेच उतरला नसता."

ताईनं समासात वजाबाकी केली.

"म्हणजे अठरा उरली," ताई म्हणाली. "इथे काय लिहू?"

चौकापासून सहा मिनिटांवर एक दगडी पूल होता. जायला सहा, यायला सहा, पुलावर सहा. मिनिटरावांना तो पाठ होता. त्यांनी तोंड उघडलं. मग हात उजव्या खांद्यावर गेला. सदऱ्यावर काही पडलं असावं तसा त्यांनी तो झटकला.

"राहू दे."

"म्हणजे कोरंच?"

"कोरंच."

ताईनं आईकडे पाहिलं. आईनं पेन्सिल खाली ठेवायची खूण केली. मिनिटरावांनी त्या कोऱ्या चौकटीकडे दोनदा पाहिलं आणि फाइल मिटली.