दोन मिनिटं डोळे मिटा

मॅडमनी प्रिंटरचं झाकण उघडून अडकलेला कागद खेचला, तसा मागून दुसरा आला. त्यावरही तेच छापलेलं: पहिली बस, डेपो ते बंदर. तिसऱ्यावर तेच, चौथ्यावर तेच. पायाशी कागदांचा ढीग साचला तरी प्रिंटर थांबायचं नाव घेईना.

“व्हायरस!” मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

झालं. त्या एका शब्दाने वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी खुर्ची सरकवून उठलं, कोणी चटका बसल्यासारखे कीबोर्डवरचे हात काढून घेतले. “अहो थांबा, काही झालेलं नाही,” असं मॅडम म्हणेपर्यंत एका शहाण्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. सगळे संगणक एकदम काळे पडले. काम सेव्ह करायची सवय अजून कोणालाच लागलेली नव्हती. प्रिंटर मात्र थांबला, त्यामुळे तो शहाणा स्वतःवर भलताच खूश दिसत होता.

“माझं सगळं काम गेलं,” बेकरीताई म्हणाल्या. “कोणाचा प्रोग्रॅम होता हा?”

बेकरीताई पहाटेपासून बेकरीत राबायच्या आणि दुपारी केसांना लागलेलं पीठ झटकत वर्गात यायच्या. शंका आली की शाळेतल्या मुलीसारखा हात वर करायच्या, आणि उत्तर पटेपर्यंत खाली घ्यायच्या नाहीत. मॅडमचा त्यांच्यावर फार जीव होता.

प्रोग्रॅम कोणाचा, हे विचारायची खरं तर गरज नव्हती. बसचं वेळापत्रक वर्गात एकच माणूस लिहीत होता. ड्रायव्हरकाका आपल्या जागी गुडघा चोळत बसले होते. या गुडघ्यापायी त्यांचं बस चालवणं सुटलं होतं. कोर्सचं सर्टिफिकेट आणलंत तर वेळापत्रकाच्या टेबलावर घेऊ, नाहीतर घरी बसा, असं डेपोने त्यांना सांगून टाकलं होतं.

आरडाओरडा ऐकून संचालक आले. त्यांनी कागदांचा ढीग पाहिला, मग दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती: ‘व्हायरस बनवणाऱ्याचा प्रवेश रद्द.’

“साहेब, मी मुद्दाम नाही केलं हो,” ड्रायव्हरकाका कसेबसे म्हणाले.

“मुद्दाम असो नाहीतर चुकून. नियम म्हणजे नियम.”

“बरोबर आहे,” बेकरीताई म्हणाल्या. “ज्याने केलं त्याने जावं. मी केलं असतं तर मीसुद्धा गेले असते.”

मॅडमना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. गेले कित्येक आठवडे त्या हेच सोसत होत्या. स्वल्पविराम राहिला, की व्हायरस. संगणक तापला, की व्हायरस. एकाने तर औषधाच्या दुकानातून जंतुनाशक आणून माऊस पुसून काढला होता.

“हा व्हायरस नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बसकडे जा, एवढी एक ओळ राहिली. म्हणून तो पहिलीच बस छापत बसला.”

“म्हणजे कंडक्टरने घंटीच दिली नाही,” ड्रायव्हरकाका पुटपुटले. कोणी हसलं नाही.

“पण मॅडम, नुकसान तर झालं ना?” तो स्विचवाला शहाणा म्हणाला. “नुकसान करतो तो व्हायरस.”

“नुकसान तुम्ही केलंत! स्विच ओढून! तुम्ही व्हायरस आहात का?”

आवाज चढला, तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला. शहाण्याचा चेहरा पडला. मॅडम मनातल्या मनात चरफडल्या, या लोकांना इतकी साधी गोष्ट आपल्याला का समजावता येऊ नये?

“मग तुमच्या मते व्हायरस म्हणजे काय?” संचालकांनी हाताची घडी घातली. “फळ्यावर लिहा. त्यात हे बसलं तर काका जातील, नाही बसलं तर राहतील.”

मॅडमनी खडू उचलला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फळ्यावर हे उरलं: ‘जो प्रोग्रॅम, कोणाला न विचारता, स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवतो आणि तिथून पुढे पसरतो, तो व्हायरस. मग तो नुकसान करो वा न करो.’

संचालकांनी ते दोनदा वाचलं. “हे पक्कं? उद्या दुसऱ्या कोणासाठी बदलायचं नाही.”

“नाही बदलणार.”

“काका, तुमच्या प्रोग्रॅमने स्वतःची नक्कल केली?”

“कसली नक्कल, साहेब. मला मूळचाच धड लिहिता येत नाही.”

आता मात्र सगळे हसले. संचालकही हसले, आणि फळ्यावरची ओळ एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात उतरवून त्यांनी पाटीच्या खाली चिकटवायला घेतली. ड्रायव्हरकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मॅडमच्या जिवात जीव आला. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कोणीतरी ऐकून घेतलं होतं.

संगणक सुरू झाले. जो तो सामायिक फोल्डरमधून आपापला प्रोग्रॅम उघडून, चालवून, किती शिल्लक राहिलंय ते बघू लागला. मॅडम काकांशेजारी खुर्ची ओढून बसल्या. राहून गेलेली ओळ त्यांनी काकांकडूनच लिहून घेतली आणि पुढचं तपासायला पान खाली सरकवलं.

काकांच्या प्रोग्रॅमच्या खाली आणखी काही ओळी होत्या. नीटनेटक्या, सफाईदार. काकांना अशा जन्मात जमल्या नसत्या.

“या तुम्ही लिहिल्यात?”

“छे हो. मला वाटलं, तुम्हीच घातल्यात.”

मॅडमनी शेजारच्याची फाइल उघडली. तळाशी त्याच ओळी. तिसरी उघडली, तीच गत. मग त्यांनी स्वतःची, वर्गाला दाखवायला लिहिलेली फाइल उघडली. तिथेही त्याच ओळी. ओळींच्या मधोमध ओळखीचं वाक्य होतं: ‘दोन मिनिटं डोळे मिटा.’

बेकरीताईंनी वर्गाला दिलेली भेट. दर अर्ध्या तासाला पडद्यावर फूल उमलायचं, खाली हे वाक्य यायचं आणि सगळा वर्ग हौसेने डोळे मिटायचा. संचालकांनी तर त्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. “प्रत्येकाच्या मशीनवर कधी टाकलंत हो?” असं मॅडमनी तेव्हा कौतुकाने विचारलं होतं. “टाकावं लागत नाही, मॅडम,” बेकरीताई खुलून म्हणाल्या होत्या, “ते आपलं आपण जातं.” आणि मॅडमनी त्यांची पाठ थोपटली होती.

आता त्यांना ते सगळं आठवलं. त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या, डस्टर हातात घेतलं. पण कागद तर पाटीखाली चिकटूनही झाला होता. संचालक त्याचे कोपरे अंगठ्याने दाबत होते.

तेवढ्यात पडद्यापडद्यावर फूल उमललं.

“चला, डोळे मिटा सगळ्यांनी,” संचालक म्हणाले आणि दारातच उभ्या उभ्या त्यांनी स्वतःचे डोळे मिटले. ड्रायव्हरकाकांनी मिटले. स्विचवाल्याने मिटले.

बेकरीताईंचे डोळे उघडे होते. त्या फळा वाचत होत्या, ओठ हलवत, एकेक शब्द. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या आणि ते त्यांनी पुन्हा वाचलं. मॅडम फळा झाकत मध्ये आल्या. काही बोलू नका, अशी त्यांनी मान हलवली.

बेकरीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात वर केला, आणि सगळ्यांचे डोळे उघडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.